विक्रीसाठी नसलेला गेमबॉक्स

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर दुकानातल्या काकूंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, 'नमुना. विक्रीसाठी नाही.' चिठ्ठीचे कोपरे कधीच उडाले, शाईही विटली, पण ती कोणी काढली नाही. मला विकत घ्यावं असंही कधी कोणाला वाटलं नाही. मी एक जुना गेमबॉक्स आहे. टीव्हीला जोडायचा आणि हातात कंट्रोलर धरून खेळायचा, तसला. सध्या माझा मुक्काम सगळ्यात वरच्या फळीवर असतो. माझ्याच वायरीनं मला गुंडाळून ठेवलंय. खाली काय चाललंय ते इथून दिसतं, आणि ते बघूनच आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका लांबलचक दालनात झाला. माझं झाकण एका मुलीनं बसवलं. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती आणि स्क्रू पिळता पिळता ती जांभया देत होती. माझ्यावर काय खेळतात हे तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. दिवा लागतो एवढं बघून तिनं मला पुढे सरकवलं. लाड करायला तिथे कोणाला सवड नव्हती. मग खोका आला, आणि त्यानंतर नुसता अंधार आणि हेलकावे.

पहिला उजेड दिसला तो काकांच्या दुकानात. ते विजेच्या वस्तूंचं दुकान होतं. दारात दोन माणसांना बसता येईल अशी रुंद पायरी, आत काचेचं काउंटर, मागे आकड्यांना लटकवलेले चार्जर आणि इयरफोन, एका भिंतीला पंखे आणि मिक्सर, दुसऱ्या भिंतीला टीव्ही. काका आणि काकू दोघं मिळून ते चालवायचे. सगळी गल्ली त्यांना काका-काकूच म्हणायची, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. काका मला खोक्यासकट काचेत ठेवायला निघाले होते. काकूंनी त्यांच्या हातातून खोका घेतला आणि कात्रीनं पट्टी कापली.

"अहो, विकायचाय ना तो?" काका म्हणाले.

"एक तरी बाहेर मांडा. हात लावल्याशिवाय लोकांना काही कळत नाही. बंद खोक्यात काय, वीटही निघू शकते."

अशा रीतीनं मी नमुना झालो. माझी खोक्यातली भावंडं एकेक करून घरोघरी गेली. मी काउंटरवर राहिलो, सगळ्यांच्या हातांचा.

ते दिवस चांगले होते, मित्रांनो. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट आत घुसायची. काकांचा नियम एकच होता. हरला त्यानं कंट्रोलर पुढच्याला द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जायचं. रडारड चालणार नाही. त्या पोरांत एक चष्मेवाली मुलगी होती. गाड्यांच्या शर्यतीत तिचा हात कोणी धरू शकत नसे. वळण आलं की जीभ दातात धरायची आणि सगळं अंग गाडीबरोबर वाकवायची. मोठी पोरं तिच्याकडून हरली की म्हणायची, "कंट्रोलर खराब आहे." मग काका गंभीर चेहऱ्यानं कंट्रोलर कानाशी नेऊन ऐकायचे आणि सांगायचे, "कंट्रोलर म्हणतो, मी ठणठणीत आहे." माझ्या कंट्रोलरची रबरं झिजली की ते स्वतः बदलायचे. फुंकर मारून माझ्यातली धूळ काढायचे. कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवला, तर काकू डोळे वटारायच्या.

संध्याकाळी पोरं गेली की मोठ्यांची बैठक भरायची. बैठकीचे मानकरी होते साहेब. कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेले, म्हणून साहेब. चष्मेवालीचे ते आजोबा. काउंटरजवळचं स्टूल त्यांचं. चहा काकूंचा, मतं साहेबांची. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत होतं आणि ते मोठ्या आवाजात होतं.

फोनबद्दल म्हणायचे, "दरवर्षी नवा कॅमेरा कशाला हवा? चेहरा तर तोच आहे." राजकारणाबद्दल म्हणायचे, "सगळे एकाच माळेचे मणी." खेळांबद्दल तर विचारूच नका. "या गेमच्या डब्यांनी एक अख्खी पिढी वाया घालवली," असं ते सांगायचे. सांगताना कंट्रोलर त्यांच्याच हातात असायचा आणि त्यांची गाडी भिंतीवर आपटलेली असायची.

"साहेब, ब्रेक डावीकडे," काका हळूच सांगायचे.

"माहितीये. मी मुद्दाम नाही दाबत."

माझ्यावर त्यांचा खास राग होता. "हा परदेशी माल. आपला पैसा सगळा बाहेर चाललाय." त्यावर काका एवढंच म्हणायचे, "डबा बाहेरचा आहे साहेब, पण दुकान तर इथलंच आहे. तुम्ही माझ्याकडून घेतलात, तर मी समोरच्या शिंप्याकडे शर्ट शिवतो, शिंपी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातो." मग साहेबांनाही ते पटायचं. दुसऱ्या दिवशी तेच मत स्वतःचं म्हणून ते आल्यागेल्याला ऐकवायचे. "वस्तू कुठलीही असो, घ्यायची ती आपल्या माणसाकडून," असं म्हणून काउंटरवर थाप मारायचे. मी हादरायचो, पण मला बरं वाटायचं.

हळूहळू हवा बदलली. लोक येतच होते, किंबहुना जास्त येत होते. टीव्हीसमोर उभे राहायचे, आवाज वाढवून बघायचे, रंग विचारायचे, भिंतीवर बसेल का, वीज किती खाईल, सगळं विचारायचे. काका अर्धा अर्धा तास समजावून सांगायचे. मग ती माणसं वाकून टीव्हीच्या मागचा मॉडेल नंबर फोननं टिपायची. "घरी विचारून सांगतो," म्हणायची. माझ्या पाठीचेसुद्धा असे किती फोटो निघाले असतील! आपण सुंदर दिसतो म्हणून फोटो काढतात, असं काही दिवस मला वाटत होतं. काकूंना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"आपण दुकान नाही चालवत," त्या काकांना म्हणाल्या. "फुकटचं प्रदर्शन चालवतोय. तिकीट तरी लावा."

"येतील गं. माणसं ओळखीची आहेत."

मग पार्सलं सुरू झाली. त्याचीही सुरुवात चांगुलपणातून झाली, हे मुद्दाम सांगतो. एका भर दुपारी पार्सल वाटणारा तरुण पायरीवर येऊन टेकला. घामानं निथळत होता. समोरच्या इमारतीतलं घर बंद होतं, आणि पार्सल परत नेलं तर त्याला बोलणी बसणार होती. काकांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "ठेव इथे. संध्याकाळी देतो त्यांना." बस्स, एवढंच. पुढच्या आठवड्यात दोन घरांची आली. मग दहा घरांची. मग लोक मागवतानाच पत्त्यात लिहायला लागले, 'घर बंद असल्यास काकांच्या दुकानात द्यावे.' काकांना कोणी विचारलंही नाही. मिक्सरची खालची फळी पार्सलांनी भरली, मग पंख्यांची. संध्याकाळी ऑफिसातून येणारी माणसं दारातूनच ओरडायची, "काका, आलंय का माझं?" आवाजात केवढा आनंद असायचा! काका बरोबर खोका काढून द्यायचे. त्यात कधी मिक्सर असायचा, कधी पंखा. जो काकांच्या डोक्यावर फिरत होता, तोच पंखा.

काकू एकदा एका बाईला म्हणाल्या, "हा आमच्याकडेही होता की."

"अय्या, हो का? लक्षातच नाही आलं," ती बाई म्हणाली. ती खरंच बोलत होती, मित्रांनो. मला तेच जास्त लागलं.

अशात निवडणूक आली. गल्लीच्या टोकाला फर्निचरचं मोठं दुकान होतं. त्याचे मालक दुकानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, ते उभे राहिले. त्यांची घोषणा होती, 'आपलं दुकान, आपला माणूस'. पहिली सभा त्यांनी काकांच्याच दुकानात घेतली. मला बंद केलं, पोरांना बाहेर काढलं, खुर्च्या मांडल्या. फर्निचरवाले तळमळीनं बोलले. मोठ्या कंपन्या आपल्या गल्ल्या गिळतायत, लहान दुकानदार हा समाजाचा कणा आहे, असं म्हणाले. साहेबही बोलले. बोलता बोलता त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "असा माणूस आपल्या गल्लीत आहे हे आपलं भाग्य." टाळ्या पडल्या. काकांचे डोळे पाणावले. माझ्या मनात आलं, बरं झालं, लोकांना किंमत आहे.

टाळ्या चालू असतानाच पार्सलवाला मोठं खोकं घेऊन दारात उभा राहिला. त्याला सभा वगैरे काही माहीत नव्हतं. त्यानं पत्ता वाचला, "'आपलं दुकान, आपला माणूस' प्रचार कार्यालय, काकांच्या दुकानात द्यावे. टी-शर्ट आहेत. सही कोण करणार?"

समोर राहणारा शिंपी पहिल्याच खुर्चीवर बसला होता. तो उठला आणि निघून गेला.

"घाईचं काम होतं," फर्निचरवाले म्हणाले. "स्थानिक लोकांना वेळेत जमत नाही." सही काकांनी केली.

तरीही काकांचा विश्वास उडाला नव्हता. त्याला कारण साहेब होते. नातीचा वाढदिवस जवळ आला होता, आणि माझ्या जातीचा नवा गेमबॉक्स बाजारात आला होता. साहेब स्टुलावर बसून म्हणाले, "काका, एक मागवून ठेवा. नातीला द्यायचाय. घेणार तो तुमच्याकडूनच." त्या वेळेपर्यंत काकांनी नवा माल मागवणं जवळजवळ बंद केलं होतं. साहेबांच्या शब्दाखातर त्यांनी तो मागवला. आला तेव्हा कापडानं पुसून काचेत ठेवला आणि त्यावर 'राखीव' असा कागद लावला. पातळ, काळाभोर, देखणा. मला जरा हेवा वाटला, पण आनंदही झाला. चष्मेवालीकडे जाणार होता ना!

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पार्सलवाला आला. त्यानं एक खोका माझ्या शेजारी ठेवला. खोक्यावर चित्र होतं, काचेत बसलेल्या त्याच गेमबॉक्सचं. काकूंनी नाव वाचलं. नाव साहेबांचं होतं. त्यांनी तो खोका हळूच काकांकडे वळवला. काका बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. जणू नीट वाचलं तर नाव बदलेल.

साहेब संध्याकाळी आले. स्टुलावर बसले नाहीत.

"अहो, तो आमच्या चिरंजीवांचा उद्योग," ते म्हणाले. "परस्पर मागवला. मला तर पत्ताच नाही."

"नाव तुमचं आहे," काकू म्हणाल्या.

"माझ्या नावानं मागवला असेल. आजकालची मुलं ऐकतात का कोणाचं?" मग ते काकांकडे वळले. "तिकडे जरा स्वस्त पडतो म्हणे. तुमचा काय, जाईल की कोणालाही. चांगली वस्तू आहे."

"हो. चांगली आहे," काका म्हणाले आणि खोका त्यांच्या हातात दिला.

इथे सगळं संपलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा आले. घरी गेमबॉक्स टीव्हीला जोडता येत नव्हता. कंपनीचा माणूस येणार नव्हता. "पाहुणे यायच्या आत तेवढा लावून द्याल का काका? तुमच्या हातचा मळ आहे तो."

काकू काही बोलणार, तोवर काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि चपला घातल्या. दुपारी परत आले. काकू काउंटरमागे उभ्या होत्या.

"झालं काम?"

"झालं. वायर चुकीच्या जागी लावली होती. पोरगी खूश आहे."

"आणि तुम्ही?"

काका काचेतला 'राखीव' कागद काढत होते. "चहा दिला त्यांनी," ते म्हणाले.

काकूंनी त्याच दुपारी जाड पुठ्ठा घेतला आणि दारावर पाटी लावली, 'येथे पार्सले घेतली जाणार नाहीत.' माझ्या पाठीवर आहे तेच ठसठशीत अक्षर. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच अडवलं नाही.

मित्रांनो, गल्ली इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. दुकानात विक्री होत नाही म्हणून कधी कोणी हळहळलं नव्हतं, पण ही पाटी सगळ्यांच्या जिव्हारी लागली. 'माणुसकी म्हणून काही राहिलीच नाही', 'काकूंना माज आलाय', 'एक खोका ठेवायला यांचं काय जातं?' गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपवर दिवसभर हेच चाललं होतं. काकू एकेक वाचून दाखवत होत्या. काका पंख्याचं पातं पुसत ऐकत होते. सगळ्यात लांबलचक साहेबांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'स्थानिक दुकानदारांनी ग्राहकसेवा शिकायला हवी. याच वृत्तीमुळे लोक ऑनलाइनकडे वळतात. हे माझं प्रामाणिक मत आहे.' खाली पुष्कळ अंगठे होते. पहिला फर्निचरवाल्यांचा.

"पुसताय काय तेच तेच?" काकू म्हणाल्या. "कोण घेणार आहे तो?"

त्यानंतर बैठक मोडली. पोरंही येईनाशी झाली. त्यांच्या आयांनी रस्ता बदलला असावा. चष्मेवाली एकदाच आली, तीही घाईघाईत. "आजोबांनी इकडे यायचं नाही म्हणून सांगितलंय," ती दारातूनच म्हणाली. काकांनी मला सुरू केलं. तिनं एक शर्यत जिंकली, घाईत दुसरी हरली आणि सवयीनं कंट्रोलर पुढच्याला द्यायला हात मागे केला. मागे कोणीच नव्हतं.

"घरचा कसा आहे गं?" काकांनी विचारलं.

"मस्त आहे. चित्रं एकदम खरी वाटतात." मग जरा थांबून म्हणाली, "पण माझ्यानंतर कोणाचाच नंबर नसतो."

ती गेली. त्यानंतर मला कोणी खेळायला सुरू केलं नाही.

दुकान त्यानंतर फार टिकलं नाही. काकांनी शेवटी कागद लावला, 'दुकान बंद करायचे आहे. सर्व माल सवलतीत.' आणि काय सांगू, शेवटच्या दिवशी गर्दी उसळली! पण ती माल घ्यायला नव्हती. माणसं काकांना मध्ये उभं करून फोटो काढत होती. माझेही काढले. 'आमचं बालपण याच डब्यावर गेलं,' म्हणत एका दाढीवाल्या तरुणानं माझ्यावर हात फिरवला. तो ज्या फोननं फोटो काढत होता, त्याचं पार्सल आमच्याच फळीवर दोन दिवस पडलं होतं. साहेबांनी ग्रुपवर मोठा मजकूर लिहिला. 'एक पर्व संपले. अशी दुकाने म्हणजे गल्लीचा आत्मा. ती जपायला आपण कमी पडलो.' लोकांनी खाली रडके चेहरे आणि जोडलेले हात पाठवले. काचेतला नवा गेमबॉक्स त्या दिवशीही तसाच राहिला. काकांनी तो पडत्या भावात घाऊक व्यापाऱ्याला परत केला.

फर्निचरवाले निवडून आले होते. जागा रिकामी आहे कळताच त्यांनी पार्सल कंपनीच्या लोकांना आणून दाखवली. मोक्याची जागा, आणि सगळ्या गल्लीला आधीपासून इथूनच पार्सल घ्यायची सवय! फीत त्यांनीच कापली. भाषणात 'स्थानिक रोजगार' असे शब्द होते. कंपनीला माणूस हवा होता, घरं आणि नावं पाठ असलेला. तो कोण असणार?

"जाऊ नका," काकू म्हणाल्या होत्या. "दुसरं काहीही करा."

"जागा तर तीच आहे," काका म्हणाले.

काकू त्या दिवसापासून या दारात आल्या नाहीत. आता त्या एका दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावायचं काम करतात. काका मात्र रोज येतात. अंगात कंपनीचा भडक टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. पंखे गेले, टीव्ही गेले, स्टूल गेलं. आता चारी भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर खोके. जुनं सामान भंगारात घालताना काकांनी मला तेवढं बाजूला काढलं आणि वर ठेवलं. का, ते सांगितलं नाही. वर बघतही नाहीत.

परवा साहेब आले. रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर काउंटरवर जुनी थाप मारून म्हणाले, "काय काका! कसं काय चाललंय?"

काका समोरच्या पडद्याकडे बघत होते. "ओटीपी सांगा."

"अहो, मी आहे!"

"ओटीपी सांगा."

"ओळखलं नाही का मला?"

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. "ओळखतो," ते म्हणाले. "ओटीपी सांगा."

साहेबांनी फोन शोधला, चष्मा शोधला, आकडे वाचले. काकांनी खोका समोर ठेवला. साहेब खोका काखेत मारून जरा घुटमळले. मग त्यांनी मागच्या माणसाकडे वळून मत दिलं. "या मोठ्या कंपन्यांचं हे असंच असतं बघा. माणसाला माणूस ओळख दाखवत नाही."

"पुढचे या," काका म्हणाले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला पुसा, जपा, पुन्हा खेळायला घ्या, असं मी मागणार नाही. माझं आयुष्य खेळून झालंय. वस्तू तुम्ही कुठूनही घ्या, तुमचे कष्टाचे पैसे आहेत. मतंही भरपूर द्या, त्यांना काही लागत नाही. फक्त ज्या माणसाच्या दारात बसून ती देता, त्याचा चहा पिता पिता त्याला एकदा विचारा, "तुमचं घर कसं चाललंय?" आणि विचारलंत, तर उत्तर मिळेपर्यंत थांबा. काकांना हे कोणीच विचारलं नाही. मी विचारलं असतं, पण मला आवाज होता तो फक्त गाड्यांचा.